फरशी कोण पुसतं?

घराचं काम ठरवायला बसलं की पहिल्या नाही तर दुसऱ्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं : "हॉलचं राहू द्या, पण निदान बेडरूमला तरी वुडन फ्लोअरिंग करूया." कुणी मुलाकडे परदेशात दोन-तीन महिने राहून आलेलं असतं, कुणाला महाबळेश्वरच्या हॉटेलातली खोली आवडलेली असते, कुणाच्या मनात आजोळच्या माळ्यावरच्या फळ्या असतात. मागणी एकच दिसते, पण तिच्या पोटात वेगवेगळ्या इच्छा असतात. एखाद्याला तो उबदार तपकिरी रंग हवा असतो. एखाद्याला पहाटे उठल्यावर पायाला गार न लागणारी जमीन हवी असते. एखाद्याला चालताना टाइलवर होते तशी टकटक नको असते. आणि काहींना आयुष्यभर कष्ट करून घेतलेल्या घरात एक तरी भारी गोष्ट असावी असं वाटतं. त्या इच्छेचाही मला आदर आहे.

पुण्यात आणि पुण्याबाहेर इंटिरियरची कामं करता करता माझी उमेदीची वर्षं गेली. त्यात फरशीबद्दल जे कळलं ते असं : भरीव लाकडाला पर्याय म्हणून बाजारात जे जे मिळतं, त्यातलं काहीही या साऱ्या इच्छा एकदम पुऱ्या करत नाही. रंग देणारं पायाला गार लागतं, पायाला बरं वाटणारं पाण्याला टिकत नाही, पाण्याला टिकणारं उन्हात तग धरत नाही. म्हणून माणसाला लाकडातलं नेमकं काय हवंय ते आधी काढून घ्यायचं आणि मगच कॅटलॉग उघडायचा.

मग खरं लाकूडच का नको, असं लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं. ज्या सुतारकाकांकडे मी लाकूड ओळखायला शिकले ते म्हणायचे, झाड तोडलं तरी लाकूड हवा धरायचं थांबत नाही. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८०-९०च्या घरात जाते. लाकूड या दोन टोकांमध्ये दर वर्षी ये-जा करतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. फळी जितकी रुंद तितकी तिची हालचाल जास्त. उन्हाळ्यात घट्ट बसवलेली जमीन पावसाळ्यात फुगते, भिंतीला टेकते, आणि मग तिला वर उठण्यावाचून जागा राहत नाही.

मुळशीकडच्या एका बंगल्यात हे पूर्ण रूपात पाहायला मिळालं. मालकांनी मे महिन्यात उत्तम सागवानाच्या फळ्या बसवून घेतल्या होत्या. बसवणाऱ्याने चारही बाजूंनी भिंतीला चिकटवून, बोटभरही फट न ठेवता, अगदी सफाईने काम केलं होतं. जुलैच्या शेवटी मला बोलावलं तेव्हा खोलीच्या मधोमध जमीन इतकी उचललेली होती की पलंगाचा एक पाय अधांतरी होता. लाकडात काहीही खोट नव्हती. स्कर्टिंग काढून कडेने पट्टी कापली, फळ्यांना मोकळं केलं आणि दिवाळीनंतर हवा कोरडी होईपर्यंत थांबलो. मग रंधा मारून, घासून पुन्हा पॉलिश केलं. मालकांना एवढे महिने धीर धरायला सांगणं हेच त्या कामातलं सगळ्यात अवघड काम होतं.

आपल्याकडे लाकडाची जमीन नव्हती असं मुळीच नाही. वाड्यांना कडीपाट होता, कोकणातल्या घरांना माळ्यावर सागवानाच्या नाहीतर फणसाच्या फळ्या होत्या. पण ते लाकूड वरच्या मजल्यावर होतं, तुळयांवर टेकलेलं, खालून-वरून हवा खाणारं. तळमजल्याला सारवलेली जमीन, पुढे कोबा किंवा शहाबादी. त्या जुन्या लोकांना ओल कुठून येते ते ठाऊक होतं. आपण आज काँक्रीटच्या स्लॅबवर, आणि कधी तर थेट तळमजल्याच्या जमिनीवर लाकूड ठोकतो, आणि खालची हवा बंद करून टाकतो. म्हणून चांगलं सागवान घेण्याची ऐपत आणि हौस असेल तर मी ते दाराला, झोपाळ्याला, बाकाला लावायला सांगते. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ साली आपल्या बल्लारपूरहून सागवान गेलं. या लाकडाची खरी जागा तीच आहे, जिथे त्याला हवा लागते आणि माणसाचा हात लागतो. शिवाय आज बाजारात सागवान म्हणून येणारा बराच माल आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीतला असतो. कमी वयात तोडलेल्या झाडात कडेचं पांढरं लाकूड जास्त असतं, आणि त्याला वाळवी आणि कीड लवकर लागते. एवढे पैसे मोजून पायाखाली ते घालायचं का, हा प्रश्न मी मोकळेपणाने समोर ठेवते.

पर्यायांत सगळ्यात जास्त खपतं ते लॅमिनेट. लाकडाचा भुसा दाबून केलेली ८ किंवा १२ मिलिमीटर जाडीची पाटी, तिच्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि त्यावर मेलामाइनचा कडक पारदर्शक थर. फळीला फळी खाचेत अडकवायची, खाली प्लास्टिकचा कागद आणि फोम, की एका दिवसात खोली तयार. १९७७ साली स्वीडनमधल्या पेर्स्टॉर्प कंपनीने ही कल्पना काढली. तिथल्या घरांत चपला-बूट दाराशी उतरतात आणि जमीन व्हॅक्यूमने साफ होते. आपल्याकडेही चपला दाराशीच उतरतात. पण नंतरचं सगळं वेगळं आहे.

एका लॅमिनेटच्या कडा फुगल्या म्हणून मला बघायला बोलावलं होतं. बसवून वर्षही झालेलं नव्हतं. घरातल्या बाई वैतागून म्हणाल्या, "आमच्या मावशींनी पाणी ओतून ओतून वाट लावली बघा." मावशी तिथेच उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, रोज पुसता तसंच एकदा पुसून दाखवता का?" त्यांनी निळी बादली अर्धी भरून आणली, टोपणभर फिनेल टाकलं, जुन्या बनियनचं फडकं बुडवलं आणि पिळलं. पिळताना त्यांचं उजवं मनगट पुरतं वळत नव्हतं, फडक्याची शेवटची धार बादलीत न पडता जमिनीवर पडली. मग उकिडव्या बसून, मागे मागे सरकत, त्यांनी हात लांबवून फडकं डावीकडून उजवीकडे फिरवलं. दोन फळ्यांच्या सांध्यावर पाण्याची बारीक रेघ उभी राहिली. पंखा सुरू होता तरी ती रेघ बराच वेळ तशीच होती, आणि मग वरून न वाळता सांध्यातच उतरली. बोट फिरवलं तर सांध्याच्या दोन्ही कडा नखाला लागत होत्या.

मावशींची यात कुठलीही चूक नव्हती. त्या दिवसातून पाच-सहा घरं करत होत्या, आणि प्रत्येक घरी फरशी अशीच पुसायची असते. मोझॅक असो, कोटा असो, टाइल असो, पाण्याने पुसल्याशिवाय ती स्वच्छ झाली असं आपल्याकडे कुणीच मानत नाही. मीही मानत नाही. ज्या जमिनीला ओलं फडकं सोसत नाही ती जमीन त्या घरात घातली गेली, आणि ती जिने पुसायची तिला त्याबद्दल कुणी एक शब्द सांगितला नाही. दुकानदाराने मालकांना सांगितलं होतं, त्यांनी मान डोलावली होती, आणि गोष्ट तिथेच संपली होती. आता सहा घरं करणाऱ्या बाईने एका घरासाठी वेगळं, घट्ट पिळलेलं फडकं आणि वेगळी पद्धत लक्षात ठेवायची, तेही दुखऱ्या मनगटाने, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

त्या दिवसापासून माझे प्रश्न बदलले. आता मी आधी विचारते : फरशी कोण पुसतं? बादली कुठे भरता आणि कुठून कुठे नेता? आंघोळीनंतर ओल्या पायांनी कोण कुठे जातं? पाण्याचा फिल्टर कुठे आहे, त्याचा नळ गळतो का? कुंड्या आत आहेत का? देवघर कुठे आहे, समईचं तेल कुठे सांडतं? वाऱ्याबरोबर पाऊस आला की कुठल्या खिडकीतून आत येतो? मुंबईत सरकत्या खिडक्यांच्या पट्टीत पाणी साठतं आणि पट्टी भरली की ते आत घरंगळतं, हे मुंबईकरांना सांगायला नको. एसीच्या पाण्याची नळी तुंबते तेव्हा भिंतीवरून उतरलेलं पाणी स्कर्टिंगच्या मागे जाऊन लॅमिनेटच्या पोटात शिरतं आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. हे प्रश्न ऐकून काही जण चकित होतात. त्यांना वाटतं बाई रंगांबद्दल, शेडबद्दल बोलतील. पण अर्ध्या तासात घरातलं पाणी कसं फिरतं त्याचा नकाशा माझ्यासमोर तयार होतो, आणि बहुतेक वेळा निर्णय त्या नकाशातच असतो.

लॅमिनेट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बाथरूम जोडलेलं नसलेली झोपायची खोली, अभ्यासाची खोली, वरच्या मजल्यावरचं वाचायचं दालन, अशा ठिकाणी मी ते स्वतः सुचवते. फक्त दोन गोष्टी लोकांना कळायला हव्यात. १२ मिलिमीटरची पाटी ८ पेक्षा पाण्याला जास्त टिकते, हा समज खोटा आहे. जाड पाटीवर पाऊल भरीव वाटतं, पण फुगायची तर तीही फुगते. आणि वरचा थर किती झिजेल ते जाडीवर ठरत नाही, बॉक्सवर छापलेल्या एसी-३, एसी-४ अशा दर्जावर ठरतं. घरासाठी एसी-३ चालतं, लहान मुलं आणि चाकाच्या खुर्च्या असतील तर एसी-४ घ्यावं. दुकानात कुठलाही तुकडा आवडला की तो मागून घ्या, रात्रभर बादलीत बुडवून ठेवा आणि सकाळी कडेची जाडी मोजा. या एका परीक्षेपुढे सगळी माहितीपत्रकं फिकी पडतात.

तळमजला असेल, किंवा स्लॅबवरचा कोबा नुकता घातलेला असेल, तर आणखी एक परीक्षा. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला सीलबंद चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहायचा. आतून थेंब जमले असतील किंवा खालची जमीन काळपट झाली असेल, तर ओल अजून वर येते आहे. त्या जमिनीवर लाकडाच्या जातीचं काहीही घालायचं नाही, मग गृहप्रवेशाचा मुहूर्त कितीही जवळ येवो. मुहूर्तासाठी घाई करणाऱ्यांशी मी बरेचदा वाद घातला आहे आणि यापुढेही घालीन.

ज्यांना खरोखर लाकडाचाच स्पर्श हवा असतो, दुसऱ्या कशानेही त्यांचं समाधान होत नाही, त्यांच्यासाठी इंजिनिअर्ड वुड आहे. खाली प्लायचे आडवे-उभे थर, वर खऱ्या ओकचा किंवा सागाचा २ ते ४ मिलिमीटरचा पापुद्रा. आडव्या-उभ्या थरांमुळे एक थर हलायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो, म्हणून भरीव फळीपेक्षा ते फार कमी फुगतं. पायाला लाकूड लागतं, कारण ते लाकूडच असतं. वरचा थर ४ मिलिमीटरचा असेल तर पुढे एक-दोनदा घासून नवं करता येतं, २ चा असेल तर तो विचार सोडून द्यावा. किंमत लॅमिनेटच्या कितीतरी पट आहे आणि पाण्याचं पथ्य जवळजवळ तेवढंच. नाशिकच्या एका निवृत्त जोडप्याने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी खर्च करायचा म्हणून झोपण्याच्या खोलीत ते घातलं. ते दोघं ती खोली स्वतः पुसतात, आठवड्यातून दोनदा, जवळजवळ कोरड्या फडक्याने. त्यांची जमीन आजही पाहावीशी वाटते. फक्त गालिचा एकाच जागी वर्षानुवर्षं ठेवला की त्याखालचा रंग वेगळा राहतो, हे त्यांना मी आधीच सांगितलं होतं, म्हणून ते दर काही महिन्यांनी गालिचा सरकवतात.

गेल्या काही वर्षांत एसपीसी नावाचा प्रकार आला आणि आमच्या क्षेत्रातलं बरंच चित्र बदललं. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांची ४ ते ६ मिलिमीटरची कडक फळी, वर लाकडाचं चित्र आणि संरक्षक थर. पाण्याने ती फुगत नाही. मावशींची बादली, फिनेल, ओलं फडकं, सगळं तिला चालतं.

सांगलीच्या एका घरातलं काम मला फार जवळचं वाटतं. आजी अंथरुणाला खिळलेल्या. खोलीतली जुनी मोझॅकची फरशी ठिकठिकाणी तडकलेली, त्यात घाण बसायची, व्हीलचेअरचं चाक अडकायचं. फरशी फोडायची म्हणजे धूळ, आवाज, आणि आजींना दुसरीकडे हलवणं, यातलं काहीच शक्य नव्हतं. आम्ही तडे भरून घेतले, एका कोपऱ्यातला उतार लेव्हल केला आणि जुन्या फरशीवरच एसपीसी बसवलं, तेही अर्धी अर्धी खोली करून. आधी पलंग भिंतीकडे सरकवला, अर्धी खोली झाली, मग पलंग नव्या जमिनीवर आणला आणि उरलेली केली. दाराचा खालचा भाग रंध्याने तेवढा कमी केला. आजी दिवसभर कुशीवर वळून पोरांचं काम बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावून एकच विचारलं, "माझं अंग पुसताना पाणी सांडतं गं, चालेल ना?" चालेल म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. घरात मुरलेल्या माणसाला योग्य प्रश्न बरोबर सुचतो. आमच्या व्यवसायातली पुष्कळ माणसं तो कधीच विचारत नाहीत.

पण एसपीसीला ऊन चालत नाही. ठाण्यातल्या एका उंच इमारतीत पश्चिमेची पूर्ण भिंत काचेची होती. मालकांनी गडद, जवळजवळ काळी शेड निवडली होती. एप्रिलमधल्या दुपारी काचेजवळच्या फळ्यांवर अनवाणी पाय ठेववत नव्हता, आणि प्लास्टिक तापलं की प्रसरण पावणारच. सांधे टोकाशी उचलले गेले. शेवटी काचेलगतची दोन फूट पट्टी काढून तिथे टाइल बसवली, मध्ये धातूची पट्टी दिली आणि जाड पडदे लावले. पश्चिमेला मोठी काच असेल तर फिकी शेड घ्या, किंवा एसपीसीचा विचारच सोडा. आणि खालची जमीन सपाट नसेल तर ही पातळ फळी चालताना दबते आणि तिची खाच तुटते. दहा फुटांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असू नये, हे बसवणाऱ्याकडून लांब पट्टी ठेवून तुमच्यासमोर तपासून घ्या. याच जातीतलं मऊ व्हिनाइल रोलमध्ये मिळतं, स्वस्त असतं, पण सोफ्याच्या पायांचे खड्डे पडतात आणि रबराच्या पाठीची पायपुसणी ठेवली तर पिवळा डाग कायमचा बसतो. भाड्याच्या घराला ठीक आहे.

आता लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल. गुजरातेतल्या मोरबीहून ट्रक भरभरून येतात, ८ इंच रुंद आणि ४ फूट लांब अशा पट्ट्या. छपाई इतकी सुंदर झाली आहे की चार पावलांवरून फरक कळत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते. कोकणातल्या घरांना मी जवळजवळ नेहमी हेच सुचवते. देवगडकडचं एक घर : मालक मुंबईत, घर उघडतं गणपतीला आणि मे महिन्यात, उरलेले दिवस बंद. बंद घरात कोकणातला पावसाळा काय करतो ते ज्यांनी आषाढात कुलूप उघडून पाहिलंय त्यांना माहीत आहे. गादीला, चपलांना, फोटोंच्या चौकटींना बुरशी धरते. तिथे लॅमिनेट घालणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं. पण मालकांना लाकूड हवं होतं, कारण त्यांचं बालपण त्या घराच्या माळ्यावर गेलेलं. आम्ही खाली टाइल घातली आणि माळ्यावरच्या फणसाच्या जुन्या फळ्या काढून, घासून, किडीचं औषध आणि तेल देऊन पुन्हा बसवल्या. गणपतीत खाली पंगत बसते, सांडतं-लवंडतं, फरशी धुऊन निघते. वर मुलं सतरंजी टाकून झोपतात.

टाइलचं खोटेपण उघडं पडतं ते बहुतेक बसवण्यात. लांब टाइल भाजताना किंचित कमानदार होते. विटांसारखी अर्ध्यावर सांधा घेऊन लावली तर एकीचा उंच मध्य दुसरीच्या खालच्या टोकाला येतो आणि पायाला ठेच लागते. म्हणून सांधा एक तृतीयांशावर घ्यायचा, २ मिलिमीटरची फट ठेवायची आणि टाइलच्याच रंगाचा इपॉक्सी भरायचा. एका डिझाइनच्या किती वेगवेगळ्या छपाया आहेत ते विचारा. चारच असतील तर तीच गाठ दर दोन हातांवर दिसत राहते. चार-पाच बॉक्स फोडून, मिसळून, आधी नुसत्या मांडून पाहायच्या. मिस्त्रींना हे जास्तीचं काम वाटतं, पण एकदा मांडून दाखवलं की तेही डोळे बारीक करून अदलाबदल करायला लागतात. आणि घरात वयस्कर माणसं असतील तर चकचकीत टाइल घेऊच नका. मॅट घ्या, पण तिच्या रेषा इतक्या खोलही नकोत की फडक्याचे धागे अडकतील. पाय गार पडतात ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिच्यावर टाइलकडे उत्तर नाही. पलंगाशेजारी चटई टाका.

बांबूबद्दल मला आस्था आहे. बांबूचे धागे चिकट द्रव्यात दाबून केलेली फळी ओकपेक्षाही कठीण होते, आणि जो बांबू तीन-चार वर्षांत तोडणीला येतो त्याने साठ-सत्तर वर्षांच्या झाडाची जागा घ्यावी, ही गोष्टच चांगली आहे. २०१७ साली कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळे शेतकऱ्याला तो तोडणं आणि नेणं सोपं झालं. सिंधुदुर्गात कुडाळला बांबूवर चांगलं काम होतं. जमिनीसाठी बांबू घेताना त्याला किडीची प्रक्रिया केली आहे का, हे लेखी घ्या. बांबूत पिष्ट असतं आणि भुंग्याला तेच हवं असतं. फळीखाली पिठासारखी भुकटी दिसली की समजावं, प्रक्रिया झाली नव्हती. पाण्याच्या बाबतीत बांबूही लाकडाच्याच पंगतीला बसतो.

काही घरांत मी काहीच न घालण्याचा सल्ला दिला, आणि ती कामं मला सगळ्यात जास्त आवडली. दादरच्या एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाला हॉलमध्ये लॅमिनेट टाकायचं होतं, कारण खालची लादी काळवंडलेली आणि वर रंगाचे, सिमेंटचे थर बसलेले. एका कोपऱ्यातला हातभर भाग घासून पाहू म्हटलं. मशीन फिरलं आणि खालून मरून-करड्या नक्षीची जुनी सिमेंटची लादी वर आली. मुंबईत भारत फ्लोअरिंग्जने १९२२ पासून अशा लाद्या बनवायला सुरुवात केली. त्या भट्टीत भाजत नाहीत, दाबाखाली घडवून पाण्यात मुरवतात. रंग वरवरचा नसतो, काही मिलिमीटर आत गेलेला असतो, म्हणून घासलं तरी नक्षी टिकते. त्या घरातल्या आजोबांनी चप्पल काढून त्या हातभर तुकड्यावर पाऊल ठेवलं आणि मुलाला म्हणाले, "हे झाकायचं नाही." तीन लाद्या फुटक्या निघाल्या, त्या पलंगाखाली येतील अशा जागी बदलून घेतल्या. लॅमिनेटच्या खर्चाच्या छोट्याशा भागात पॉलिश झालं.

२०१९च्या ऑगस्टमधला महापूर ओसरल्यावर सांगलीत माझ्या ओळखीच्या दोन-तीन घरांत गेले होते. प्लायचं फर्निचर आणि लॅमिनेट रस्त्यावर ढिगाने टाकलेलं होतं. शहाबादी फरशीवरचा चिखल मात्र घरातली माणसं खराट्याने काढत होती, आणि खालची फरशी जशीच्या तशी होती. लाल कोबा, कोटा, शहाबादी, कडप्पा, या आपल्या जमिनींना लोक जुनाट म्हणून काढून टाकतात तेव्हा मला वाईट वाटतं. ज्यांना फक्त उबदार रंग हवा असतो त्यांना मी एकदा तरी चांगला घोटलेला लाल कोबा दाखवायला नेते. त्यातले काही जण लाकूड विसरतात.

तुम्ही घराची जमीन बदलायच्या विचारात असाल तर दुकानातून निर्णय घेऊन येऊ नका. दोन-तीन नमुने घरी आणा, सकाळच्या, दुपारच्या आणि दिव्याच्या उजेडात जमिनीवर ठेवून पाहा, अनवाणी उभे राहा. मग तुमची फरशी जी बाई पुसते तिला बोलवा, तिच्या हातात तिचंच ओलं फडकं द्या आणि त्या नमुन्यांवरून फिरवायला सांगा. ती जे म्हणेल ते ऐका. जी काही जमीन घ्याल तिचे दोन बॉक्स जास्तीचे घ्या आणि माळ्यावर नीट ठेवून द्या, कारण वर्ष-दोन वर्षांत तो रंग आणि ती छपाई बाजारातून गेलेली असते.